खात्यातले दोन सिफर

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील जानेवारीत तिसऱ्यांदा शाळेत आले. माणूस गवंडीकाम करणारा. रावेतमध्ये पवनेच्या बाजूला ज्या उंच इमारती उठत आहेत, त्यांना प्लास्टर करतो. शाळेत एक चक्कर म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक होते. मुलीची शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती आणि वरून आलेल्या यादीत तिच्या नावापुढे ‘खाते क्रमांक चुकीचा’ असा शेरा होता.

पहिल्या वेळी आम्ही त्यांना म्हणालो होतो, की फॉर्म भरताना तुम्हीच नंबर चुकीचा लिहिला असेल. दुसऱ्या वेळी म्हणालो, बँकेत जाऊन विचारा. ते गेले. बँकेने सांगितले, खाते चालू आहे, काही अडचण नाही. तिसऱ्या वेळी आम्ही लॅपटॉप उघडून यादीतला क्रमांक पाहिला, पासबुकावरचे शेवटचे चार आकडे पाहिले. ते जुळत होते. मग आम्ही जे बोललो ते आज लिहितानाही जड जाते. आम्ही म्हणालो, “संगणक चुकत नाही. तुमच्याकडेच काहीतरी गडबड आहे.”

त्यांनी पासबुक पुन्हा पुढे सरकवले. “मॅडम, पासबुकमें ऐसाच है.”

एवढेच बोलून ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी असरनंतर आमचा भाचा घरी आला. तो चाकणला एका कारखान्यात यंत्रांच्या नियंत्रणाचे काम पाहतो. कंपनीची बस, तळवड्याची कोंडी आणि आठवड्यागणिक बदलणारी पाळी यातून त्याला खालाकडे यायला महिन्यातून एखादाच रविवार मिळतो. तो आला तेव्हा आमची थोरली, जी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चहाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रडकुंडीला आली होती. सी भाषेत वर्गाच्या हजेरीचा प्रोग्राम लिहायचा होता. रोल नंबर एकाखाली एक सुबक दिसावेत म्हणून तिने ००१, ००२, ००३ असे लिहिले होते. (संगणकावर हे अंक इंग्रजी वळणाचेच टाइप करायचे असतात, इथे मासिकाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही ते देवनागरीत लिहीत आहोत.)

“अम्मी, बघ ना,” ती म्हणाली, “सातपर्यंत मुकाट ऐकतो आणि ००८ आला की अडतो. आठ आणि नऊ काढून टाकले तर ०१० चालतो, पण पडद्यावर दहाच्या जागी आठ दाखवतो!”

आम्हाला वाटले, मशीन बिघडले. भाच्याने चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, “खाला, त्याची चूक नाही. हिने त्याला आठ सांगितलं, त्यानं आठच ऐकलं.”

झाले असे, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी भाषा तयार झाली. त्याआधीच्या काही यंत्रांत एका खणात अठरा बिट मावत. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढेच मावणारी जागा. तीन-तीन बिटांचे गट पाडले, की प्रत्येक गटात शून्य ते सात असे आठ अंक बसतात. म्हणून ते लोक आठाच्या पायावर मोजत आणि असा अंक ओळखू यावा म्हणून त्याच्यापुढे एक शून्य लावत. ती खूण सीमध्ये आली आणि आजही तशीच आहे. प्रोग्राममध्ये आपण जो अंक थेट लिहितो, त्याला ही मंडळी ‘लिटरल’ म्हणतात. लिटरलच्या पुढे शून्य आले, की सी समजते, हा आठाच्या पायावरचा. तिथे आठ आणि नऊ हे अंकच अस्तित्वात नाहीत, म्हणून ००८ ला ती अडते. सातानंतर थेट १० येतो आणि तो १० म्हणजे आपला आठ.

वर्गात आम्ही मराठी शिकवतो, गणित नाही. पण एकं, दहं, शतं कोणाला येत नाही? आम्ही पोरीला म्हणालो, “म्हणजे इथे दहंच्या घराला आठं म्हणायचं आणि शतंच्या घराला चौसष्टं.” भाचा हसला. “खाला, आमच्या ट्रेनी पोरांना हे समजायला आठवडा लागतो.”

मग त्याने चाकणची गोष्ट सांगितली. कारखान्यातल्या यंत्राला हुकूम देणारा जो डबा असतो, त्याला पीएलसी म्हणतात. त्यातल्या मित्सुबिशीच्या एफएक्स जातीच्या पीएलसीवर बाहेरून तारा जोडायच्या जागांना एक्स० पासून नंबर असतात. एक्स७ नंतर येतो एक्स१०. एक्स८ आणि एक्स९ नाहीतच. नवीन पोरगा हातात तार घेऊन आठव्या नंबरची जागा शोधत बसतो आणि जुने कामगार मजा बघतात. त्याच कंपनीच्या क्यू जातीच्या डब्यात मात्र मोजणी सोळाच्या पायावर. तिथे नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग १०. तो १० म्हणजे सोळा. एकाच शेडमध्ये दोन यंत्रे शेजारी उभी असतात. एकावर दहा म्हणजे आठ, दुसऱ्यावर दहा म्हणजे सोळा, आणि हजेरीच्या वहीत दहा म्हणजे दहा.

आम्ही विचारले, मग कळते कसे कोणता दहा कोणता? तो म्हणाला, नीट लिहायची पद्धत आहे. कारखान्यातल्या या भाषांसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयईसी ६११३१-३. त्यात पाया आधी लिहितात, मग एक चौकटीची खूण, मग अंक. १६#६४ लिहिले, की सोळाच्या पायावरचे चौसष्ट, म्हणजे आपले शंभर. लिहिणाऱ्याने पाया लिहिला तर भांडण नाही. भांडण होते ते पाया न लिहिता नुसता अंक पडद्यावर दिसतो तेव्हा.

इथे त्याने एक प्रसंग सांगितला, जो ऐकताना आम्हाला आमचाच प्रसंग आठवू लागला. कारखान्याचे नाव तो सांगत नाही, आम्हीही विचारले नाही. एका खोक्यात ४० नग भरायचे होते. रात्रपाळीच्या ऑपरेटरने पडद्यावर ४० टाकले. पण आदल्या पाळीत कोणीतरी यंत्र तपासताना तो पडदा सोळाच्या पायावर ठेवून गेला होता. सोळाच्या पायावरचे चाळीस म्हणजे चौसष्ट. यंत्राने खोक्यात चौसष्ट भरले. सकाळी साहेबांनी कंत्राटी ऑपरेटरला चारचौघांत झापले. तो म्हणत राहिला, “मी चाळीसच टाकले.” आणि खरेच त्याने चाळीसच टाकले होते.

“दुपारी मी तपासलं तेव्हा कळलं,” भाचा म्हणाला. “पण तोवर त्याची अर्धी हजेरी कापली होती.”

आम्ही काही बोललो नाही.

वाचकहो, दहा या आकड्याचा घोळ प्रोग्रामर लोकांच्या स्वतःच्या हत्यारातही आहे, आणि तो इतका मजेशीर आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोग्राम चालताना त्याच्या आत डोकावून बघायचे जे साधन असते त्याला डीबगर म्हणतात. जीडीबी नावाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतला आणि तो आजही जगभर वापरात आहे. त्याला एखादा अंक दाखव म्हटले, की तो म्हणाल त्या पोशाखात दाखवतो. शंभर हवे तर शंभर, सोळाच्या पायावर ६४, आठाच्या पायावर १४४, दोनाच्या पायावर ११००१००. आत रक्कम तीच. त्याला हेही सांगता येते, की मी यापुढे जे अंक टाइप करेन ते अमुक पायावरचे समज. समजा आपण पाया सोळा ठेवला. काम झाले, आता परत दहावर यायचे, म्हणून लिहिले, पाया १० कर. डीबगर काय करतो? तो सोळाच्या पायावर वाचतो आहे, त्यामुळे त्याच्या लेखी १० म्हणजे सोळा. तो नम्रपणे पाया सोळाच ठेवतो. कितीही वेळा सांगा, तो सोळाच ठेवणार! त्याच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट लिहिले आहे आणि सुटकेचे मार्गही दिले आहेत. पाया सोळा असतो तेव्हा सोळाच्या बोलीत दहाला ए म्हणतात, ते लिहा. आठाच्या बोलीत दहाला १२ म्हणतात, त्यापुढे शून्य लावून ते लिहा. किंवा १० लिहून पुढे टिंब द्या.

पोरगी खिदळत होती. आम्हाला मात्र ही अडचण ओळखीची वाटली. उर्दू शिकवणाऱ्याला अक्षरांचे आकडे नवीन नाहीत. अबजदच्या हिशेबात अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार. आमचे नाना कुणाच्या इंतकालची तारीख एका मिसऱ्यात बांधत, तेव्हा घरातले सगळे बोटांवर बेरीज करत बसत. ‘दाद’ हा शब्द घ्या, मराठीतही आहे, उर्दूतही आहे. दाल, अलिफ, दाल. चार, एक, चार. अबजदमध्ये दाद म्हणजे ९. हेच डी, ए, डी असे सोळाच्या पायावर वाचले तर? तेरा गुणिले दोनशे छपन्न, अधिक दहा गुणिले सोळा, अधिक तेरा, म्हणजे ३५०१. तीच तीन अक्षरे. वाचणारा बदलला आणि नवाचे साडेतीन हजार झाले.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात, म्हणजे चाकणवरून जाणाऱ्या याच नाशिक रस्त्याच्या पुढच्या डोंगरात, सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात दानाचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरले आहेत. तिथे दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही. त्यामुळे तिथे दहा म्हणजे किती हा प्रश्नच पडत नाही. शून्य आले, अंकाच्या जागेला किंमत आली आणि ही सगळी सोय व ही सगळी गैरसोय बरोबरच आली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी या हिंदी अंकांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या नावाचे लॅटिनमध्ये जे रूप झाले, त्यावरूनच संगणकवाल्यांचा अल्गोरिदम हा शब्द आला. आपल्या शून्याचे अरबीत सिफर झाले आणि युरोपात जाऊन झीरो झाले.

पोरीने मध्येच विचारले, मग आपले मराठी अंक त्याला कळतात का? भाच्याने तिलाच करून बघायला सांगितले. ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट भाषा चालते, तिला बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या देऊन ‘मराठी, भारत’ पद्धतीने दाखव म्हटले, तर तिने अगदी सुरेख १२,३४,५६७ असे देवनागरीत लिहून दिले. स्वल्पविरामही लाख-हजारांच्या जागी, आपल्याच रीतीने. आम्ही खूश झालो. मग पोरीने तेच अक्षरन् अक्षर उचलून तिला परत दिले आणि म्हटले, ही संख्या वाच. उत्तर आले, ही संख्याच नव्हे. स्वतःच्या हाताने लिहिलेले तिला वाचता आले नाही! स्वल्पविराम काढून दिला तरी नाहीच. पायथॉन भाषेचे निराळे. तिला अवतरणचिन्हांत १२ देवनागरीत देऊन संख्या कर म्हटले, तर ती मुकाट बारा करते. पण प्रोग्राममध्ये थेट देवनागरी १२ लिहिला तर चूक दाखवून थांबते. ०१० लिहिला तरी थांबते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीने पुढच्या शून्याला बंदीच केली आणि आठाचा पाया हवा असेल तर शून्यापुढे ओ लिहा म्हटले. आम्हाला ही शिस्त आवडली. गोंधळाचे लिहिलेले गप्प बसून वाटेल तसे वाचण्यापेक्षा ‘कळले नाही’ म्हणणारा विद्यार्थी बरा.

(२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला ‘वीस दोन’ म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. पण तिथे निदान दोन्ही प्रकारे वाचणाऱ्याच्या हातात गोट्या बावीसच येत होत्या.)

तेव्हा भाचा एक वाक्य बोलला, “खाला, दाखवणं वेगळं आणि वाचणं वेगळं. दाखवण्यात गडबड असली तर आतला आकडा शाबूत असतो, पडदा बदलला की दिसतो. वाचतानाच गडबड झाली तर आत काही उरतच नाही.”

आम्ही म्हणालो, उदाहरण दे. त्याने दिले. एक्सेलमध्ये आधार क्रमांक टाका. बारा अंकी. साध्या खणात तो २.३४५६८ई+११ असा काहीतरी दिसतो. माणूस घाबरतो. पण आत बाराही अंक सुखरूप असतात, खण रुंद करून त्याचा साचा बदलला की परत दिसतात. हे दाखवणे. आता सोळा अंकी क्रमांक टाका. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते, सोळाव्याचे शून्य करते. खण कितीही रुंद करा, तो सोळावा अंक गेला तो गेला. हे वाचणे.

दुसरे उदाहरण त्याने सौदीचे दिले, आणि ते ऐकून चहा गार झाला. एक दशांश, म्हणजे ०.१, हा अंक आपल्याला सोपा. पण दोनाच्या पायावर तो कधीच संपत नाही, जसा आपल्याकडे एक भागिले तीन ०.३३३ करत संपत नाही. संगणक तो कुठेतरी तोडतो. म्हणूनच पायथॉनला ०.१ अधिक ०.२ किती विचारले, तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते. नुसता ०.१ विचारला तर मात्र तो साळसूदपणे ०.१ च दाखवतो. वाचताना तुटलेले दाखवताना झाकले जाते. १९९१ च्या आखाती युद्धात दहरानला अमेरिकेची पॅट्रियट नावाची क्षेपणास्त्र पाडणारी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांनी मोजत असे आणि तो दशांश २४ बिटांत तोडलेला होता. एका दशांशात चूक नगण्य. पण यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत ३६,००,००० दशांश होतात. चूक साचून सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा झाली, तेवढ्यात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेले असते. यंत्रणेने आकाशात भलत्याच जागी शोधले. २५ फेब्रुवारीला क्षेपणास्त्र बराकीवर पडून अठ्ठावीस सैनिक मेले. दुरुस्त केलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचला.

“पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसत असणार,” पोरगी म्हणाली.

आम्ही उठलो आणि शाळेची पिशवी आणली. “हे बघ,” आम्ही भाच्याला म्हणालो, “शिष्यवृत्तीची यादी. या एका मुलीचा खाते क्रमांक चुकला म्हणतात. वडील म्हणतात, पासबुकात असाच आहे.” त्याने विचारले, यादी मुळात आली कशी? लिपिकांनी पेन ड्राइव्हवर दिली होती. आम्ही ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, दोन नावांचे शुद्धलेखन सुधारले, सेव्ह केली आणि पुढे पाठवली. मराठीच्या शिक्षकाला ऱ्हस्व-दीर्घ दिसले की राहवत नाही!

“पेन ड्राइव्ह आहे?”

होता. त्याने मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडलीच नाही; नोटपॅडमध्ये उघडली. नोटपॅड काही समजून घेत नाही, जे आहे ते अक्षरशः दाखवते. मुलीच्या नावापुढे खाते क्रमांक होता. त्याच्या सुरुवातीला दोन शून्ये होती. मग त्याने आमची सुधारलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली. दोन शून्ये नव्हती.

फाइलमध्ये नुसते अंक आणि स्वल्पविराम होते. हा खाते क्रमांक आहे, रक्कम नाही, असे त्यात कुठेच लिहिलेले नसते. एक्सेलने ती रक्कम समजून वाचली. रकमेच्या पुढे शून्याला किंमत नाही, म्हणून ती टाकली. आम्ही सेव्ह केले आणि ती कायमची गेली. शेवटचे चार आकडे जुळणारच होते. आम्ही तेच तेवढे पाहिले होते, आणि सुरुवात पाहिली नव्हती.

आमचा चेहरा पाहून भाच्याने समजूत घातली, की खाला, हे मोठमोठ्यांचे होते. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावे बदलली, कारण मार्च१ आणि सेप्ट१ अशी नावे टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकत असे. २०२० मध्ये समितीने तसे नियमातच लिहिले. म्हणजे शास्त्रज्ञांनी हत्यार बदलण्याऐवजी जनुकांचे बारसे पुन्हा केले. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्तीत हे आपोआप बदलणे बंद करायची सोय आली आहे. जुन्या आवृत्तीत खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच अंक टाकायचे, किंवा अंकाच्या आधी एक वरचा अपॉस्ट्रॉफी द्यायचा. आणि आलेली फाइल डबल-क्लिक न करता ‘डेटा’ या टॅबमधून आत घ्यायची, तिथे रकाना टेक्स्ट आहे असे सांगता येते. ज्या शिक्षक भगिनींकडे अशा याद्या येतात त्यांनी एवढे जरूर करावे. ज्या अंकांची बेरीज कधीच करायची नसते, फोन, खाते, आधार, पिनकोड, ते अंक नव्हेतच. ती नावे आहेत.

समजूत घालून झाली, पण आम्हाला जनुकांचे काही वाटेना. आम्हाला ते पासबुक दिसत होते. त्या रात्री आम्ही मूळ यादी कागदावर उतरवून एकेक क्रमांक ताडून पाहिला. शून्याने सुरू होणारी खाती सहा निघाली. शाळेत येऊन विचारणारा बाप एकच होता. बाकीच्या पाच घरांनी समजून घेतले असणार, की नाही आले तर नाही आले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सगळे लेखी दिले, चूक आमची आहे हेही लिहिले. शाळा सुटल्यावर आम्ही त्या इमारतीवर गेलो. त्यांना पुन्हा शाळेत बोलावून आणखी एक दिवस बुडवायचा नव्हता. ते सहाव्या मजल्याच्या परांचीवर होते. मुकादमाने हाक मारली. खाली आले, पिंपातल्या पाण्याने हात धुतले आणि आमच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटले, मुलीला काही झाले.

आम्ही सांगितले, तुमचे पासबुक बरोबर होते. यादी आमच्या हातून बिघडली. पुढचे दोन सिफर आमच्याकडे गळाले. आम्ही तुम्हाला जे बोललो त्याची माफी मागायला आलो आहोत.

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मैं बोला था ना मॅडम.” आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरे झाले असते. एक्सेल काय, सिफर गळतात कसे, हे त्यांनी काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, “और कितने बच्चोंका ऐसा हुआ?”

आम्ही म्हणालो, पाच.

“उनको बोले क्या?”

अजून नाही, म्हणालो. त्यांनी आमच्या स्कूटरकडे मानेने खूण केली आणि म्हणाले, त्यातल्या दोघांची घरे मला माहीत आहेत, पहिली गल्ली पाण्याच्या टाकीमागची. पत्ता त्यांनी दोनदा सांगितला आणि आमच्याकडून एकदा म्हणवून घेतला.

दुरुस्त यादी बुधवारी गेली. हा मजकूर पाठवीपर्यंत सहांपैकी चौघांचे पैसे जमा झाले आहेत. दोघांचे बाकी आहेत, आणि त्यातली एक त्यांची मुलगी आहे.